धुऱ्यातली बिळं

खोली दाखवण्याआधी सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घराण्यात वेड कोणाले लागलं होतं?"

मी वर्ध्याहून गोंदियाच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायला आले होते आणि सकाळपासून फुलचूरमध्ये जागा शोधत फिरत होते. आधीच्या घरमालकांनी जात विचारली होती, मटण खाता का ते विचारलं होतं आणि एका बाईंनी तर लग्न अजून का नाही हेही खोदून खोदून विचारलं होतं. त्या मानाने हा प्रश्न मला स्वच्छ वाटला. मी म्हटलं, "मोठ्या मावशीला. भिंतीशी भांडायची."

"औषध कोणतं दिलं?"

"कुठलंच नाही. अंगात येतं म्हणायचे."

"किल्ली घ्या," सर म्हणाले. खोली कशी आहे ते मी नंतर पाहिलं आणि भाडं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हा प्रश्न ते प्रत्येक भाडेकरूला विचारत, हे मला पुढे काकूंकडून कळलं. काकू म्हणजे सरांची बायको. माझ्या आधी एक बँकेतले साहेब येऊन गेले होते. "आमचं घराणं एकदम स्वच्छ," असं ते अभिमानाने म्हणाले आणि सरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "एक तर यायले माहीत नाही, नाही तर हे सांगून नाही राहिले. दोन्ही तऱ्हेचा भाडेकरू मले नको." वरचा मजला त्यामुळे बरेच महिने रिकामा होता. काकू हे सांगताना कपाळाला हात लावत, पण आवाजात थोडं कौतुकही असे.

सर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम थोडे धानाचे दाणे. बिरसीकडे त्यांची वडिलोपार्जित शेती होती. तिथे ते रोज सायकल घेऊन जायचे. घेऊन जायचे म्हणजे हातात धरून, चालत. सायकलवर बसलं की विचार सुरू होतात आणि विचार सुरू झाले की माणूस नहरात, म्हणजे कालव्यात जातो, असा त्यांचा अनुभव होता. मग सायकल नेता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "छत्री आणि डबा कोण धरेल?"

माणसांचे चेहरे ते परीक्षेच्या पेपरासारखे तपासायचे. भाजीबाजारात एखाद्या अनोळखी बाईला थांबवून "तुमचे कान वडिलांकडचे ना?" असं विचारायचे. लग्नात पंगत बसली तरी यांचं लक्ष कोणत्या नातवाला कोणत्या आजोबांची हनुवटी आली त्याच्यावर. एकदा एका बारशात बाळाकडे बराच वेळ बघून ते "वडील कोणते?" असं मोठ्याने म्हणाले. त्यांना फक्त बाळाच्या भुवया कोणाच्या ते पाहायचं होतं. काकूंनी त्यांना न जेवता घरी आणलं आणि ते घर पुढे दोन दिवाळ्या यांच्याशी बोललं नाही.

अनुवंशाचं एवढं वेड असलेला माणूस घराण्याची बढाई मारेल असं वाटतं. सरांना उलट 'खानदानी' शब्दाचा राग होता. "रक्त एकटं काही करत नाही," हे त्यांचं पालुपद. दुधाचा चहा नासला तरी ते हे म्हणायचे.

या सगळ्याच्या मुळाशी फाटकाजवळची एक प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीवर नरूकाका बसत, सरांचे धाकटे भाऊ. बिरसीला विमानतळ आहे आणि वैमानिक तयार करणारी शाळाही, त्यामुळे फुलचूरवरून दिवसभर छोटी विमानं गिरक्या घालत जातात. आम्हाला त्यांचा आवाजही ऐकू येत नसे, इतकी सवय झालेली. नरूकाका मात्र प्रत्येक विमान दिसलं की उठून उभे राहायचे आणि उजवा हात वर करायचे. त्यांनी हात वर केल्याशिवाय विमान उतरू शकत नाही, ही त्यांची खात्री होती. पूर्वी विमानातली माणसं त्यांना नावाने हाका मारायची, शिव्या द्यायची, विहिरीत उडी मार म्हणायची. औषधं सुरू झाल्यावर ते आवाज बरेच बसले. हात वर करण्याचं काम तेवढं उरलं.

संध्याकाळी सर फाटक लावताना विचारायचे, "नरू, सगळे बरोबर उतरले ना?"

"उतरले, दादा."

"मंग चाल जेवायले."

दुसरा कोणी असता तर त्याने भावाला समजावलं असतं, नाहीतर दटावलं असतं. सरांनी ते तरुणपणी करून पाहिलं होतं म्हणे आणि मग सोडून दिलं. गोळ्या मात्र ते स्वतः पाण्याचा पेला हातात धरून देत, त्यात एक दिवसाचीही सूट नव्हती.

"आईले होता, नरूले आहे," असं त्यांनी मला एकदा जिन्यावर बसून सांगितलं. ते त्या आजाराला वेड म्हणत, पण ते समोरच्याला बोलतं करण्यापुरतं. एरवी पूर्ण नाव घेत, स्किझोफ्रेनिया. "आई आन् भाऊ, दोघंही सापडले त्याच्यात. मधातला मी सुटलो. मी काऊन सुटलो, येवढंच मले समजून घ्यायचं आहे. त्याच्यासाठीच जीवशास्त्र घेतलं, नाही तर मले भूगोल आवडत होता."

मग मोबाइलवर भिंग धरून ते नवे नवे शोधनिबंध वाचत आणि मला सोपं करून सांगत. आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. शाळेत मुलांच्या तपासण्या होतात, लग्नाआधी मुलामुलीची कार्डं पाहतात, त्यामुळे जनुकांचं थोडंफार ज्ञान इथे पानठेल्यावरही मिळतं. पण त्यातूनच एक गैरसमज तयार झालेला. सगळ्यांना वाटतं की जसा सिकलसेल एका तपासणीत कळतो तसाच प्रत्येक आजार कळतो. सर मग बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, आणि धुऱ्याचं, म्हणजे त्याच्या बांधाचं, उदाहरण देत. म्हणत, "सिकलसेल म्हणजे बांधीच्या धुऱ्याले एकच भगदाड. जाऊन बोट ठेवता येते. स्किझोफ्रेनिया तसा नाही. आपली बांधी आटली तर पाणी कुठून गेलं सांगता येते काय? धुऱ्यात खेकड्याची बारीक बारीक बिळं असतात, शेकड्यानं. एकेका बिळानं काही होत नाही. तशी बिळं सगळ्याच्याच धुऱ्यात आहेत, तुमच्या आन् माझ्याही. कोणाची जास्त, कोणाची कमी. त्याच्यात पुन्हा पाऊस किती, ऊन किती, वरच्या बांधीतून पाणी आलं का नाही. एवढं सगळं मिळून बांधी आटते, नाही तर भरून राहते." एखाद्याच्या धुऱ्यात मोठं भगदाडही असतं, पण ते क्वचित, असं ते लगेच जोडायचे, कारण अर्धवट सांगणं त्यांना जमत नसे.

हा अर्धवट न सांगण्याचा गुण त्यांच्या मुलीला फार महाग पडला. हेमा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, शांत, हसरी, कामात चोख. तिच्यासाठी स्थळं यायची. आमच्याकडे मुलगी पाहायला येण्याआधी मुलाकडचं एखादं माणूस गुपचूप येऊन पानठेल्यावर चौकशी करून जातं. घर कसं, माणसं कशी, काही भानगड आहे का. बाकीचे बाप असल्या वेळी पानठेलेवाल्याला गोड बोलून ठेवतात. सरांनी त्याला उलटंच बजावून ठेवलं होतं. तो मला म्हणाला होता, "मॅडम, सर ने बोला है, कोई पूछने आया तो पहले भाई का बताना, बाद में पान लगाना." एक-दोन स्थळं तर पान न खाताच परत गेली.

काकू चिडायच्या, पण त्यांचं चिडणं मला आधी नीट कळलं नव्हतं. एका दुपारी सुपात तांदूळ पाखडता पाखडता त्यांनी सांगितलं. "मी लग्न होऊन आली तवा मांगच्या खोलीले कुलूप होतं. धान ठेवलं म्हणे. तिसऱ्या दिवशी आतून गाणं ऐकू आलं. ते माही सासू होती. मले कोणी सांगतलंच नव्हतं." पुढे त्याच सासूचं त्यांनी सगळं केलं, न्हाऊ घालण्यापासून. मग दिराचं. सरांना लग्नाच्या वेळी वडिलांपुढे तोंड उघडता आलं नव्हतं. सरांनी त्याची माफी मागितली का, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "मागतली ना. रोजच मागून राहिले. म्हणून तं आता साऱ्या गावाले सांगत फिरते हा माणूस."

मग तिरोड्याचं स्थळ आलं. आलं म्हणजे हेमानेच आणलं. मुलगा तिच्यासोबत शिकलेला, वडिलांचं खताबियाण्याचं दुकान, बोदलकसाच्या बाजूला शेती. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, फक्त घरच्यांचं बोलणं बाकी होतं. मुलाला नरूकाकांबद्दल सगळं माहीत होतं. वडिलांना त्याने सांगितलं नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी काकूंनी नरूकाकांना आमगावला आपल्या भावाकडे पाठवायचं ठरवलं. पिशवी भरली, ऑटोही बोलावला. सरांनी ऑटोवाल्याला परत पाठवलं. काकू रडकुंडीला आल्या. "एक दिवस. एकाच दिवसाची गोष्ट आहे, हेमूच्या बाबा. तिचं भलं होते तं तुमाले काऊन दुखून राहिलं?"

सर म्हणाले, "तुले आईचं लपवून आणलं. आता पोरगी लपवून देऊ काय?"

काकूंनी पिशवी आत नेली आणि नरूकाकांचा इस्त्रीचा शर्ट बाहेर काढला. मी वरून खुर्च्या आणत होते, म्हणून हे ऐकलं.

पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलीला बोलावण्याच्या आधी सरांनी भावाला बोलावून ओळख करून दिली. आजाराचं नाव, तो कधी सुरू झाला, औषधं कोणती, आईला होता तेही, सगळं. मग आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कोणाले?"

मुलाचे वडील गोंधळले. "नाही, नाही. आमच्याकडे असं काही नाही." माणूस व्यापारी, पण सज्जन. थोडा विचार करून ते म्हणाले, "सर, तुम्ही खरं सांगितलं, आम्हाले आवडलं. पोराची पसंती आहे, आम्ही नाही म्हणत नाही. फक्त आता सिकलसेलची करतो तशी पोरीची याचीही टेस्ट करून घ्या. थुंकी पाठवली का रिपोर्ट येते म्हणतात. निगेटिव्ह आला का सोयरीक पक्की."

मला ते बोलणं अगदी समंजस वाटलं. काकूंचा तर चेहराच उजळला. सर म्हणाले, "अशी टेस्ट नाही."

"आहे ना सर. गोंदियात एजंट बसतात."

"एजंट आहे. टेस्ट नाही. ते बिळं मोजून देतील, पण बांधी आटेल का नाही हे त्याच्यावरून एका माणसाचं सांगता येत नाही. तो कागद घेऊन मी पोरगी दिली तर मी तुम्हाले फसवलं असं होईल."

"आम्हीच मागून राहिलो ना सर. मग फसवणं कसं?"

"तरी."

या 'तरी'वर बैठक संपली. पाहुणे नाराज न होता गेले, पण गेले. हेमा आतून बाहेर आली तेव्हा तिने आणायचा चहाचा ट्रे तसाच ओट्यावर राहिला होता. ती बापाला म्हणाली, "लग्न मले करायचं होतं बाबा, तुमच्या शास्त्राले नाही." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायची. सर त्या दिवसांत सायकल न घेताच शेतात जायचे.

मला तेव्हा सरांचा रागच आला होता. खरं बोलायचं तर बोलावं, पण पोरीच्या संसाराच्या किमतीवर? मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. ते बराच वेळ खिशातले धान चाळवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तिले होणार नाही, असं मीही कोणाच्या तोंडून ऐकायले तरसून राहिलो. म्हणूनच तो कागद मले नको. मी त्याच्यावर विश्वास ठेवून बसीन."

काही आठवड्यांनी हेमा वर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, रविवारी ते लोक परत येऊन राहिले. मीच बोलावलं. रिपोर्ट आला म्हणून सांगितलं."  बाबांना माहीत आहे का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "नाही. त्यायलाही तिथेच ऐकू द्या."

रविवारी पुन्हा त्याच खुर्च्या, तेच पोहे. सरांना कळलं तेव्हा ते उठून जायला निघाले. हेमा आडवी आली. "बसा बाबा." इतक्या दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली होती म्हणूनच बहुधा ते बसले. तिने मोबाइलवर रिपोर्ट उघडला आणि शाळेत धडा वाचतात तसा वाचला. कुठल्या कुठल्या जागा तपासल्या ते सगळं वाचून शेवटी आली. या व्यक्तीला स्किझोफ्रेनिया होण्याचा आनुवंशिक धोका सर्वसाधारण लोकांइतकाच आहे.

काकूंनी हात जोडले. मुलाचे वडील मोकळे हसले. "झालं. बस, येवढंच पाहिजे होतं. अभिनंदन, सर."

सरांनी मान खाली घातली होती.

हेमाने मोबाइल मुलाच्या वडिलांच्या हातात दिला. "काकाजी, वरचं नाव वाचून घ्या."

त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि फाटकाकडे पाहिलं. नाव नरूकाकांचं होतं. हेमाने थुंकी काकांची पाठवली होती. "विमानवाल्यायले पाहिजे काय?" असं त्यांनी तिला विचारलं होतं. "नाही, मले पाहिजे," ती म्हणाली, तेव्हा त्यांनी लगेच दिली. हे सगळं तिने तिथेच सांगितलं. मग म्हणाली, "काका सारा जन्म आजारी आहेत, आन् कागद म्हणते काही नाही. आता माझी करायची असेल तं सांगा. मी करते. पण चांगली आली तर तिच्यावर विश्वास ठेवजा नोका, आन् वाईट आली तरी ठेवजा नोका."

बाहेर एक विमान आलं. नरूकाका उठले, हात वर केला, बसले.  सर मुलीकडे बघत होते. तीस वर्षं शिकवलं, पण एवढा सरळ धडा मला कधी घेता आला नाही, असं ते मला नंतर म्हणाले. त्या वेळी मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मुलाचे वडील त्या दिवशी होकार न देता गेले. चार-आठ दिवसांनी एकटेच आले, मोटारसायकलवर. अंगणातच उभं राहून म्हणाले, "सर, मले झोप येत नाही. कागदावरून कळत नाही, तर मग माणसानं करावं काय?"

"लक्ष ठेवायचं," सर म्हणाले. "कोणाची झोप उडाली, बोलणं तुटक झालं, नसलेले आवाज ऐकू यायले लागले, तर लपवायचं नाही. लवकर डॉक्टरकडे न्यायचं. माझ्या आईले कोणी नेलं नाही. नरूले उशिरा नेलं. सून असो, लेक असो, नातू असो."

"येवढंच?"

"आज तरी येवढंच."

"मग हे तर आम्हालेही जमते," ते म्हणाले. चहा घेतला, तारखेचं बोलले आणि निघताना चपला घालता घालता थांबले. "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. आमच्याकडे कोणी नाही असं मी म्हणालो. म्हणजे, आम्हाले कोणी कधी सांगितलं नाही."

"हे खरं उत्तर आहे," सर म्हणाले. बँकेतल्या साहेबांनी एवढं म्हटलं असतं तरी त्यांना खोली मिळाली असती.

लग्न उन्हाळ्यात झालं, बिरसीच्या रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये, दुपारच्या मुहूर्तावर. नरूकाकांना गर्दी सोसत नाही, तेव्हा त्यांना खोलीत बसवावं, असं पाहुण्यांपैकी कोणीतरी सुचवलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्यांना टोपी घालून मांडवात सगळ्यांत पुढे उभं केलं. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मुलाचे वडील. सरांचं अर्धं लक्ष भटजींच्या कानांवर होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. एका अष्टकाच्या ऐन मध्यावर, 'सावधान' यायला बराच अवकाश असताना, वर विमानाचा आवाज आला. नरूकाकांनी अक्षतांची मूठ मिटलेला उजवा हात वर केला आणि विमानाला वाट मोकळी करायची म्हणून मूठ उघडली. अक्षता उडाल्या. भटजी अडखळले आणि सगळी माणसं मुलाच्या वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागली.

त्यांनी एकदा वर विमानाकडे पाहिलं, एकदा नरूकाकांकडे, आणि आपल्या हातातल्या अक्षता वधूवरांवर टाकल्या. मग सगळ्या मांडवाने टाकल्या.